पर्यायी स्रोत

३ डिसेंबर, बुधवार

आले एकदाची. मिरजेहून निघेपर्यंत आई विचारत होती की नव्या मुंबईत जाऊन तू नक्की करणार काय. शेवटी म्हटलं, हवा कशी आहे ते पायलटांना सांगणार. ती खूश झाली. एव्हाना शेजारपाजारी तिने मलाच पायलट करून टाकलं असेल.

विमानतळ नाही, हेलिपोर्ट आहे. द्रोणागिरीच्या पुढे कंटेनरची गोदामं संपतात आणि खाडीचा चिखल सुरू होतो, तिथे. समुद्रात तेलाचे प्लॅटफॉर्म आहेत, त्यांवर माणसं नेणारी-आणणारी हेलिकॉप्टरं इथून उडतात. आधीची माझी नोकरी कृषी हवामान केंद्रात. तिथे यंत्र बिघडलं तर फार तर द्राक्षवाले शिव्या घालायचे.

खोली छान मिळाली. पुतळाकाकूंचं तीन मजली घर, त्यात दुसऱ्या मजल्यावर मी. गच्चीवरून लांब फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ दिसते आणि तिच्या मागे बंदराच्या क्रेनी. खाली काकू आणि त्यांचा मुलगा मितेश राहतात. मितेश त्याच प्लॅटफॉर्मवर स्वयंपाकघरात कामाला आहे, दोन आठवडे समुद्रात आणि दोन आठवडे घरी. काकूंनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मी दोन भाकऱ्यांवर थांबले तर म्हणाल्या, "शिप्रा पोरी, एवरंसंच खातं व्हय? वाऱ्याने उरून जाशील." क्षिप्राची शिप्रा झाली. चालेल.

५ डिसेंबर

स्टेशन बघून घेतलं. कुंपणाच्या आत सगळा मिळून एका अंगणाएवढा पसारा. उंच खांबावर वाऱ्याचं यंत्र. त्याला फिरणाऱ्या वाट्या नाहीत. छोटी शिंगं एकमेकांकडे आवाज पाठवतात आणि तो पोचायला लागलेल्या वेळावरून वारा मोजतात. पांढऱ्या पिंजऱ्यात तापमान. एका डबीत हवेचा दाब. आणि दृश्यता मोजणारं यंत्र, म्हणजे समोर किती लांबवरचं दिसतंय ते. त्याचे दोन हात समोरासमोर पसरलेले. एका हातातून किरण सुटतो, हवेतल्या धुक्याने-धुळीने तो किती विखुरला ते दुसरा हात बघतो.

हे सगळं केबिनमधल्या कॉम्प्युटरकडे जातं आणि एक रेकॉर्ड केलेली बाई दर मिनिटाला रेडिओवर इंग्रजीत वाचते. वारा अमुक, दृश्यता तमुक. कंपनीचं ऑफिस बेलापूरला. हेलिकॉप्टर उतरायला खाली आलं की मध्ये डोंगर येतो आणि ऑफिसचा रेडिओ तिथवर पोचत नाही. म्हणजे शेवटच्या टप्प्यात पायलटशी बोलायला फक्त ही बाई.

मला तिच्यातलं आवडतं ते वेगळंच. यंत्राला स्वतःबद्दल शंका आली, म्हणजे काच मळली, आकडा फार वेळ हललाच नाही किंवा एकदम अशक्य उडी मारली, तर ते आकडा गाळतं. लेखी रिपोर्टात त्या जागी तिरप्या रेघा येतात आणि शेवटी एक खूण, तपासणी हवी आहे अशी. आणि बाई शांतपणे म्हणते, "मिसिंग." पायलटला तेवढं पुरतं. तो स्वतः विचार करतो किंवा जुहूच्या विमानतळाकडे वळतो. मला माहीत नाही, असं इतक्या सरळ सांगणारं माणूस मी अजून बघितलेलं नाही.

८ डिसेंबर

आशुतोष सर बेलापूरहून आले होते. माझे साहेब. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. दोन हिवाळ्यांमागे इथे अपघात झाला होता, धुक्यात हेलिकॉप्टर चिखलात उतरलं आणि दोघं गेले. चौकशीत दोष कुणाचाच निघाला नाही, तरी कंपनीने सगळी यंत्रं नवीन बसवली. आधीचा टेक्निशियन केयूर तब्येतीमुळे सोडून गेला. शिरवण्यात राहतो म्हणे.

सरांनी एक सेटिंग दाखवलं. पर्यायी स्रोत. एखादं यंत्र बंद पडलं तर कॉम्प्युटरने गप्प न बसता जवळच्या दुसऱ्या यंत्राकडून आकडा घ्यायचा. मी विचारलं, जवळ दुसरं यंत्र कुठे आहे? ते म्हणाले, अजून नाही, पुढे बसवू. पण सेटिंग चालू असू दे, आपल्याला सारखं सारखं मिसिंग परवडत नाही, पायलट जुहूला पळतात आणि मग बसा त्या माणसांना बसने आणत.

ठीक आहे. नसलेल्या यंत्राकडून काय घेणार?

१५ डिसेंबर

पहिला बिघाड. सकाळपासून "वारा, मिसिंग." खांब आडवा करून शिंगं पुसली, केबल तपासली. एक शिंग गेलंय. नवीन परदेशातून येईल, तोवर मिसिंगच. दुपारचं हेलिकॉप्टर जुहूला गेलं. सरांचा फोन आला. चिडले नाहीत, नुसतं "अरेरे" म्हणाले.

१६ डिसेंबर

वारा आपोआप परत आला. शिंग मेलेलंच आहे, मीटर लावून बघितलं. तरी बाई म्हणते, वायव्येकडून आठ नॉट. बरोबर आकडा. वाराही साधारण तेवढाच असावा, कुंपणावरचं गवत तेवढंच हलत होतं.

सरांना कळवलं. म्हणाले, बघा, सुटला ना प्रश्न.

१७ डिसेंबर

संध्याकाळी गच्चीत काकूंना सुकट उचलायला मदत केली. पदर सारखा उडतोय म्हणून त्या वैतागल्या होत्या. माझी ओढणी उडून तोंडावर आली तेव्हा लक्षात आलं. वारा आहे हे मला दिसत होतं. लागत नव्हता. मी हात पसरून उभी राहिले. केस डोळ्यांत येत होते आणि गालाला काहीच नाही, जशी काही मी काचेमागे उभी आहे.

दमले असेन.

२० डिसेंबर

पायलटची तक्रार. उतरताना बाई म्हणाली, वारा शांत. आणि प्रत्यक्षात बाजूने असा जोराचा वारा की हेलिकॉप्टर पॅडवरून सरकता सरकता राहिलं. त्या वेळी मी केबिनमध्ये दार लावून डबा खात होते. रिपोर्ट काढून बघितला. मी केबिनमध्ये गेले तिथपासून शांत. बाहेर आले तिथून परत बारा नॉट.

योगायोग असणार. पण मी तीन वेळा केबिनमध्ये जाऊन दार लावून बघितलं. प्रत्येक वेळी बाई म्हणाली, शांत.

२४ डिसेंबर

तापमान मिसिंग. सकाळी. दुपारी आपोआप परत आलं.

संध्याकाळी खाली काकूंकडे भाकऱ्या थापायला बसले होते. गप्पा मारत होते. काकू एकदम ओरडल्या. माझा पंजा तव्यावर टेकलेला होता, किती वेळ ते माहीत नाही. वास आला तेव्हा मला वाटलं, भाकरी करपली.

काकूंनी हात नळाखाली धरला, हळद लावली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तुला कलत नाय काय गो?"

मी म्हटलं, कळलं, पण उशिरा. खोटं होतं ते. अजून कळलेलं नाही. पाणी गार होतं की नाही तेही नाही.

२७ डिसेंबर

पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत गेले होते. खांबाची एक पट्टी गंजलीय, ती जोतीरामच्या वर्कशॉपमध्ये बनवून घ्यायची होती. तो रंग भाजायची भट्टी उघडत होता आणि मी तिच्यासमोर उभी होते. मोबाइलवर स्टेशनचा रिपोर्ट उघडला. खाडीवरचं तापमान सेहेचाळीस.

मी बाजूला झाले. एक-दोन मिनिटांनी चौतीस. भट्टीसमोर गेले. पन्नास.

त्याच्याकडे मोठा स्टँडचा पंखा होता. त्याच्यासमोर उभी राहिले, वारा अकरा नॉट. त्याला पंखा बंद करायला सांगितला, शांत. परत चालू करायला सांगितला. अकरा. परत बंद. जोतीराम घाम पुसत म्हणाला, "मॅडम, काय झालं? टेन्शन आहे का काही? बसा ना, चहा मागवतो."

चहा प्यायले. उकळता होता म्हणे, त्याने हात पुढे करून थांबवायला बघितलं. मला नुसती ओली चव लागली.

हे लिहिताना हात थरथरतोय. म्हणजे भीती अजून आहे. हे बरं आहे.

३० डिसेंबर

सरांना सगळं सांगितलं. बेलापूरला जाऊन, समोर बसून. ते हसले नाहीत. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "क्षिप्रा, तुम्ही एकट्या राहता, नवीन जागा आहे. आधी डॉक्टरला दाखवा. मी तोपर्यंत ते पर्यायी स्रोताचं सेटिंग बंद करतो, तुमच्यासमोर."

आणि केलं. माझ्यासमोर. खरंच.

स्टेशन तपासणीसाठी बंद आहे अशी सूचना पायलटांना द्या, असंही मी म्हटलं. वर विचारून सांगतो, म्हणाले.

बाहेर पडले आणि त्यांच्या एसी लिफ्टमधून खाली येताना मोबाइल बघितला. तेवीस अंश. वारा शांत.

१ जानेवारी, गुरुवार

वाशीच्या डॉक्टरांनी सुई टोचून बघितली. टोचलेलं कळतं, गार-गरम कळत नाही, फुंकर कळत नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, एमआरआय सांगितला. त्यांनी विचारलं, घरी कुणाला असं आहे का? घरी कुणाला नाही.

आज सुट्टी, एकही उड्डाण नव्हतं. भर दुपारी केबिनमध्ये जाऊन मी स्टेशनची वीज बंद केली. बॅटरीच्या वायरी सोडल्या. कॉम्प्युटरचा पडदा काळा. दिवे विझले. मग कुंपणापाशी येऊन माझा हातातला छोटा रेडिओ लावला.

आधी नुसती खरखर. मला इतकं हलकं वाटलं.

मग बाई बोलली. "वारा, पश्चिमेकडून सहा नॉट. दृश्यता, मिसिंग. तापमान, एकतीस. दाब, मिसिंग."

वीज नसलेल्या स्टेशनातून. जे स्वतःचं होतं ते सगळं मिसिंग. जे माझं होतं तेवढं चालू.

वायरी परत जोडल्या. दुसरं काय करणार?

४ जानेवारी

शिरवण्याला गेले. केयूरचं घर गावातल्या जुन्या गल्लीत, तळमजल्यावर. दार त्याच्या बायकोने उघडलं, सोनल तिचं नाव. हेलिपोर्टवरून आले म्हटल्यावर तिने दार ओढून घेतलं. आतून त्याचा आवाज आला, "येऊ दे गं."

खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. माझ्याच वयाचा असेल. दाढी कुणीतरी दुसऱ्याने केलेली, हनुवटीखाली केस राहिलेले. डोळे उघडे, पण माझ्याकडे नव्हते. सोनलने त्याच्या हातात चहाचा पेला दिला, आधी स्वतः बोट बुडवून बघून.

तो म्हणाला, "काय काय गेलं?"

वारा आणि तापमान, म्हटलं.

"मग आता दाब. तो गेला की सोपं जातं."

"सोपं म्हणजे?"

"कळेल."

मी विचारलं, हे का होतं? त्याने खांदे उडवले. "त्याला सांगितलंय ना, रिकामी जागा ठेवायची नाही, जवळ असेल त्याच्याकडून घे. ते ऐकतंय."

सरांनी सेटिंग बंद केलं, माझ्यासमोर केलं, असं मी म्हटलं. "माझ्यासमोरपण केलं होतं," तो म्हणाला.

मग त्याने अपघाताच्या दिवसाचं सांगितलं. सकाळी दाट धुकं होतं. दृश्यतेचं यंत्र मिसिंग झालं आणि त्याला कळलं की आता डोळ्यांची पाळी. तो पळाला. मोटरसायकल काढून उड्डाणपुलावर गेला. वरती धुकं नव्हतं, ऊन पडलेलं, पार बंदरापर्यंत स्वच्छ दिसत होतं. आपण सुटलो म्हणून तो कठड्याला टेकून उभा राहिला. "आधी कडा गेल्या. मग मधलं. शेवटचं मी ते ऊनच बघितलं."

खाली धुक्यात बाई म्हणाली, दृश्यता दहा किलोमीटर. हेलिकॉप्टर उतरायला आलं.

सोनल स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी वाजली नाहीत.

निघताना विचारलं, यंत्रं नवीन बसवल्यावर तुला काही परत मिळालं का? तो म्हणाला, "त्याला नवीन मिळाली. मला कोण देणार?" मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "लांब नको जाऊस. कुठेही गेलीस तरी ते घेणार. जवळ असलीस तर निदान खरं सांगेल."

७ जानेवारी

हिशेब सोपा आहे. मी घरी बसले तर पायलटला माझ्या खोलीतला वारा मिळतो. मिरजेला गेले तर मिरजेचा. म्हणून हेलिकॉप्टर यायचं-जायचं असेल तेव्हा मी खांबाखाली. प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवलीय. टोपी घालायची नाही, स्वेटर घालायचा नाही. तोंड वाऱ्याकडे. आकडे बरोबर येतात. मी ताडून बघते, पॅडवर वारा दाखवायला लावलेला कापडी मोजा फुगतो तेवढाच वारा.

सर म्हणतात, गेल्या आठवड्यात एकही मिसिंग नाही, एकही तक्रार नाही.

नवीन शिंग कस्टम्समध्ये अडकलंय.

१० जानेवारी

काकू रिक्षा करून डबा घेऊन आल्या. कुंपणाबाहेरून बघत होत्या. मी उन्हात अशी बसलेली. चेहऱ्याची सालं निघालीत म्हणे. काकू रडायला लागल्या. "काय केलंन तुला यांनी? घरी चल. पोरी, घरी चल."

मीही रडले. मग हेलिकॉप्टर आलं आणि मला तोंड वळवावं लागलं.

मितेश बुधवारी समुद्रावर गेला. एकवीसला परत येईल. मी काकूंना सांगितलं, त्याला म्हणावं बोटीने ये. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. नुसती मान हलवली.

१३ जानेवारी

दाब मिसिंग. दुपारी परत आला.

मी वाट बघत बसले होते की आता काय जाणार. कान? श्वास? काहीच नाही.

संध्याकाळी आईचा फोन. परत ये म्हणून ती हुंदके देत होती, कुणीतरी तिला माझं सांगितलंय. मी ऐकलं. आवाज स्पष्ट येत होता. छातीत जे दाटून यायला हवं होतं ते आलं नाही. तिथे सपाट. मी म्हटलं, आई, जेवून घे. मग फोन ठेवला तिने.

केयूर म्हणाला होता ते हेच. सोपं जातं.

१४ जानेवारी

संक्रांत. काकूंनी तिळगूळ दिला. गोड आहे.

मागची पानं वाचली. २७ डिसेंबरला मी लिहिलंय की हात थरथरतोय आणि हे बरं आहे. आता अक्षर सरळ येतं.

१६ जानेवारी

सर आले. स्टेशनच्या कामगिरीबद्दल मोठ्या साहेबांचं कौतुकाचं पत्र आलंय म्हणाले. माझ्या खुर्चीकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही बघितलं. जाताना म्हणाले, "तुम्हाला हवं तर रजा घ्या. खरंच घ्या."

त्यांना ठाऊक आहे. असं मला वाटतं. राग यायला हवा. येत नाही.

१९ जानेवारी

मितेशने बोटीचं ऐकलं नाही. फोनवर हसला म्हणे. बोट लागते त्याला.

दृश्यतेची काच पुसली. दिवसातून किती वेळा पुसते. दोन्ही हात स्वच्छ आहेत. किरण आहे.

२० जानेवारी

सकाळी खाडीवर धुकं. यंत्राने बरोबर सांगितलं, आठशे मीटर. मग एकदा मिसिंग. लगेच परत आठशे. मेलं नाही अजून. चाचपडतंय.

पळता येईल. आत्ता निघाले तर दुपारपर्यंत घाटावर. तिथे हवा स्वच्छ असते या दिवसांत, लांबलांबचं दिसतं. शेवटचं काहीतरी चांगलं बघता येईल.

उद्या सकाळी मितेशचं हेलिकॉप्टर. धुकं असणार, म्हणतात.

सरांना फोन केला. उद्या उड्डाण नको. ते म्हणाले, उद्याचा अंदाज बघू. मी म्हटलं, सर, केयूर. यावर ते म्हणाले, "पायलट बाईचं ऐकतात. मी सांगून काय—" आणि फोन कट.

२१ जानेवारी, बुधवार

खांबाखाली. उजाडलंय. धुकं इतकं की हेलिपोर्टचं गेट दिसत नाही. खुर्चीत बसून मांडीवर वही.

काकू गेटवर आहेत. मुलाला घ्यायला आल्यात. त्यांना दिसत नाहीये काही, पण हाक मारतायत. मी ओ दिली.

रेडिओ: दृश्यता दोनशे मीटर. यंत्राचा आकडा. चांगलं.

—

मिसिंग.

यंत्र गेलं. काच पुसली. हात आपटले त्याचे. दिवा नाही.

बाई म्हणते मिसिंग. म्हणत राहा. एवढंच म्हणत राहा.

—

हेलिकॉप्टरचा आवाज. समुद्राकडून. मिसिंग ऐकूनही पायलट येतोय, बघायला. खाली येतोय.

केबिनमध्ये ट्यूबलाइट आहे. उजेड, कोरडं, भिंतीपर्यंत स्वच्छ दिसतं. दार दहा पावलांवर. तिथे जायचं नाही. डोळे मिटायचे नाहीत. पुलावर जायचं नाही.

समोर बघायचं. जे आहे तेच.

—

कडा गेल्या. उजवीकडून.

बाई मिसिंग म्हणायची थांबली. थांबलीय. श्वास घेतल्यासारखी—

"दृश्यता, पन्नास मीटर."

माझं ते. माझं आहे. खरं आहे.

आवाज डोक्यावर. खूप जवळ. काकू ओरडतायत. धुकं फिरतंय वरून, दिसतंय मला, मधलं अजून दिसतंय

"दृश्यता, पन्नास मीटर."

वर गेला. वर जातोय. वळला. जुहूकडे

मितेश गेला काकू जुहूला गेला सांगायला हवं त्यांना

पांढरं होतं ते राखाडी झालं. ओळ सापडत नाही अक्षर एकावर एक येत असेल. काकू हात धरतायत वाटतं. गार आहे की गरम ते

बाई अजून पन्नासच म्हणते. मी इथेच बसले तर ऊन आल्यावर ती बरोबर सांगेल ना, की मला उठून तोंड त्या बाजू